जेठाचं ढेकूळ

मी आयुष्यात एकदाच पाऊस पाडला, तोही वाटीनं, आणि चुकीच्या महिन्यात. पुढं मी कृषी खात्यात लागलो, तीस-बत्तीस वर्षं गावोगाव फिरून लोकांना पेरणीचे सल्ले दिले आणि सत्काराची शाल घेऊन निवृत्तही झालो. ज्यांनी माझ्या सल्ल्यावर पेरण्या केल्या, त्यांनी हे प्रकरण वगळून पुढं जावं, अशी माझी विनंती आहे.

आमचं घर रनाळ्याचं. वडील शहाद्याला शाळेत कारकून होते, आठवड्यातून एकदा यायचे. घर आणि वावर दोन्ही चालायचं ते त्यांच्या थोरल्या भावाच्या, आबाच्या शब्दावर. आबा फार बोलत नसे. बैलाशी, आभाळाशी आणि माझ्याशी तो एकाच आवाजात बोलायचा, आणि तिघांपैकी बैलच तेवढा ऐकायचा. गल्लीत आबाचा मान होता तो आखाजीच्या ढेकळांमुळं. आता शहरातल्या वाचकाला हे सांगायला हवं. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची नवी घागर मांडतात. आबा ती घागर वावरातून आणलेल्या चार ढेकळांवर ठेवायचा. एकेक ढेकूळ म्हणजे पावसाळ्याचा एकेक महिना: जेठ, आखाड, सावन, भादवा. नवी घागर रात्रभर पाझरते. सकाळी जे ढेकूळ जास्त भिजलेलं, त्या महिन्यात पाऊस जास्त. कोरडं राहिलं तर महिना कोरडा. घरोघर हे करायचे, पण आबाची ढेकळं खरी ठरतात अशी गल्लीची खात्री होती. एखाद्या वर्षी नाही ठरली, तर लोक म्हणायचे, आबानं बरोबर वाचलं होतं, पाऊसच चुकला.

त्या वर्षी मी नंदुरबारच्या कॉलेजात सायन्सचं पहिलं वर्ष देऊन आलो होतो. दोन विषयांत उडालो होतो, पण ते जूनमध्ये कळणार होतं. तोवर मी घरातला शास्त्रज्ञ होतो. घरात एक रेडिओ होता, त्यावरचं हवामान मी कान लावून ऐकायचो आणि ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणून दाखवायचो. 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता.' आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत विचारायचा, "तुरळक ठिकाणी म्हंजे कोन्हा वावरमा?" मी म्हणायचो, असं नेमकं नाही सांगता येत. "मंग आम्हले काय सांगी ऱ्हायना? त्याले म्हना, वावर ठरी गयं का मंग बोल." आज माझ्या फोनवर आमच्या गावाच्या नावानं तासातासाचा पाऊस दिसतो, ग्रामपंचायतीच्या जागेत वारा मोजायच्या वाट्या गरगर फिरत असतात, आणि तरीही पाऊस बांधाच्या पलीकडं पडतो नि अलीकडं पडत नाही. तेव्हा आबाचा प्रश्न मला आठवतो. पण तेव्हा मला आबा अडाणी वाटायचा.

आखाजीला घर भरलेलं असायचं. माहेरी आलेल्या बहिणी, त्यांची पोरं, निंबाच्या फांदीला बांधलेला झोका आणि त्यावर उभ्यानं गाणी म्हणणाऱ्या पोरी. झोक्याची फांदी दिवसभर करकरायची. पारावर पुरुष पत्ते कुटत बसलेले, मधूनच कुणी तरी "काढ काढ, पान लपाडू नको!" म्हणून ओरडायचं. माय चुलीवर खापर उपडं घालून पुरणाच्या पोळ्या करायची. पोळपाट-लाटणं नाही. पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद खापरावर टाकायची. मला ते बघताना दर वेळी वाटायचं की ही आता फाटणार, आणि ती कधी फाटली नाही. पोळी, परातभर आमरस, कटाच्या आमटीसारखी झणझणीत रसी, कुरडया. त्या दिवसापर्यंत आमच्या घरात आंबा तोंडाला लावायचा नाही. पितरांनी खाल्ला की मग आपण. मी त्या दिवशी किती पोळ्या खाल्ल्या ते लिहीत नाही. नातवंडं वाचतात.

घागर ओसरीच्या कोपऱ्यात मांडलेली होती. तिच्या तोंडावर एक आंबा आणि दोन सांजोऱ्या. सांजोरी म्हणजे रव्याचं गोड सारण भरलेली तळलेली पुरी. दुसऱ्या दिवशी सकाळी आबानं ढेकळं वाचली की मग ती प्रसाद म्हणून फोडायची, असा नियम. मी उजाडता उजाडता जागा झालो. आबा लोटा घेऊन वावराकडं गेलेला, माय गोठ्यात. आदल्या दिवशी एवढं खाऊनही पोटात खड्डा होता, हे त्या वयाचं वैशिष्ट्य. मला आंबा नको होता, सांजोरीच हवी होती, आणि सांजोरी होती आंब्याखाली. मी एका हातानं आंबा उचलला, दुसऱ्या हातानं सांजोरी ओढली, घास घेतला, आणि तेवढ्यात माझा गुडघा घागरीला लागला.

घागर फुटली नाही, हे माझं नशीब म्हणावं की नाही, ते अजून ठरायचं आहे. ती कलंडली आणि सगळं पाणी चारी महिन्यांवर एकदम पडलं. दोन ढेकळांचा तर चिखलच झाला. मी क्षणभर नुसता उभा राहिलो, तोंडात सांजोरी. मग धावलो. परसात भिंती लिंपायला मातीचा ढीग आणलेला होता, त्यातून चार सारखी ढेकळं निवडली. चिखल धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसला. ढेकळं मांडली, घागर रांजणातून भरून वर ठेवली, आंबा जागेवर ठेवला. उष्टी सांजोरी खाल्लेली बाजू भिंतीकडं करून ठेवली. आता राहिला पाऊस. ढेकळं ठणठणीत कोरडी होती. चारही महिने कोरडे दिसले असते तर गल्लीत रडारड झाली असती. म्हणून मी वाटी घेतली.

मी शास्त्राचा विद्यार्थी होतो, तेव्हा मनाला येईल तसं पाणी ओतायचं नाही, अंदाजानं ओतायचं, असं ठरवलं. रेडिओ सांगत होता की यंदा मॉन्सून उशिरा आहे. म्हणून जेठाला चार थेंब. आखाडाला गच्च. सावनालाही गच्च. भादव्याला बेताचं, निम्मं. इतका समतोल पावसाळा खान्देशानं कधी पाहिला नसेल. मी खूशच झालो. मनात म्हटलं, निदान एक वर्ष तरी ह्या घरात शास्त्रीय अंदाज वर्तवला जाईल.

माय आत आली. "काय सांडं रे, भास्कर?"

"पाणी पीत होतो, सांडलं."

"घोडा एवढा झाया, पानी पेवाले नही येत," म्हणत तिनं पोतेरं फिरवलं.

दिवस वर आला तसे गल्लीतले पाच-सात जण ओसरीवर जमले. सगळ्यात पुढं उखाकाका. उखाकाकाचं वावर आमच्या वावराच्या समोर, नंदुरबारच्या रस्त्याच्या पलीकडं. दोन-अडीच एकर, नुसतं पावसावरचं. त्याला विहीर नव्हती. सुपडूकाकू आणि तो, दोघंच. उखाकाकाचा पेरणीचा हिशेब फार साधा होता. आबाच्या बैलाच्या मानेवर जू चढलं की आपणही जुंपायचं. आबा वाकला, घागर उचलली, आणि उगवतीच्या बाजूचं ढेकूळ पहिलं उचललं. मी जेठ धरला होता तो भिंतीकडच्या ढेकळाला. आबाचा जेठ उगवतीला होता. माझे महिने एकेक घर सरकले होते. मी ज्याला आखाड म्हणून गच्च भिजवलं, तोच आबाचा जेठ निघाला.

"जेठ दखा," आबा म्हणाला. "नितळी ऱ्हायना. आखाड बी तसाच. सावन अर्धा. भादवा…" आबानं चौथं ढेकूळ बोटांनी दाबलं, ते कोरडं फुटलं. "भादवामा काही नही."

"मंग?" उखाकाकानं विचारलं.

"मंग काय? पानी लवकर ई आनि लवकर जाई. धूळपेर करनी पडी."

धूळपेर म्हणजे पावसाआधीच कोरड्या धुळीत बी पेरून ठेवणं. वेळेवर पाऊस आला तर पीक पंधरा-वीस दिवस पुढं धावतं. नाही आला, किंवा थोडकाच आला, तर बी उगवून जळून जातं. आबाला सांजोरीही दिसली. त्यानं ती उलटी केली, दातांच्या खुणा पाहिल्या आणि म्हणाला, "उंदीर फार झायात घरमा." मी लगेच मान हलवली.

त्याच वेळी बोललो असतो तर एका थपडेवर भागलं असतं. पण मी शास्त्रीय मार्ग धरला. पुढचे वीस दिवस मी आबाला रेडिओचा धाक घालत राहिलो. मॉन्सून अजून केरळातच आला नाही, असं मी रोज जेवताना सांगायचो.

"रेडिओवाला बसस कोठे?" आबानं एकदा विचारलं.

"पुण्याला."

"पुण्याले बसीसन त्याले रनाळानं आभाय दिखस?"

"नकाशावरून सांगतात, आबा."

"नकाशामा मन्हं वावर दाखाड बरं." मी भूगोलाचं पुस्तक आणलं. त्यात रनाळं नव्हतं. नंदुरबारसुद्धा एका ठिपक्यावर भागवलं होतं. आबानं पुस्तक माझ्या हातात परत दिलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. माय हसू लपवायला चुलीकडं वळली.

मग एके दिवशी संध्याकाळी उखाकाका मला गाठून उभा राहिला. आबा घरात नव्हता, आणि तो बहुधा मुद्दामच ती वेळ साधून आला होता. सुपडूकाकूनं सरकी शेणात आणि मातीत चोळून ठेवली होती, म्हणजे तिची लव बसते आणि पेरताना ती एकमेकीला चिकटत नाही. एकदा चोळली की फार दिवस ठेवता येत नाही.

"भास्कर, तू शिकेल शे," तो म्हणाला. "आबाना काय, त्यानं निभी जाई, त्याले विहीर शे. मन्हाकडे एवढीच सरकी शे. हाई गई तं दुसरी नही. तू सांग, पेरू का थांबू?"

कुणी मोठ्या माणसानं मला इतकं सरळ काही विचारायची ती पहिलीच वेळ. उत्तर मला माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं. मी म्हणालो, "आबा सांगतस तं पेरी टाका, काका."

तो निघून गेला. मी हे पुष्कळदा पुष्कळांना विनोद म्हणून सांगितलं आहे. घागर, वाटी, उंदीर, सगळं रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. हा एवढा तुकडा मात्र मी गाळत आलो. इथं लिहिला, कारण कागद समोर बसून हसत नाही.

पेरणीच्या दिवशी मायनं माझ्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं दिलं. भाकर, लाल मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा. वावरात पोहोचलो तर दुपार होत आली होती आणि आबाच्या मोठ्या वावराचा एक कोपरा पेरून झाला होता. मागं धुरळा उठत होता. रस्त्यापलीकडं उखाकाकाची तिफण चालली होती आणि सुपडूकाकू मागून चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी वाटीत, मुठीनं सरकी सोडत होती. तिच्या हाताची लय इथून दिसत होती. मी गाठोडं बांधावर ठेवलं आणि बैलांसमोर जाऊन उभा राहिलो.

"सरक," आबा म्हणाला.

"आबा, ढेकळं मी भिजवली."

"कोन्तं ढेकूय?"

"आखाजीचं. चारी. घागर सांडली होती. मी परसातली माती आणली. वाटीनं पाणी टाकलं."

आबानं कासरा सैल सोडला. तो माझ्याकडं नाही, बैलांच्या शिंगांमधून पलीकडं बघत होता. मग म्हणाला, "म्हंजे तो उंदीर…"

"सांजोरी बी मीच खादी."

"पितरसनी सांजोरी?" एवढ्या वेळात त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. मार खायची माझी तयारी होती, पण आबानं मारलं नाही. त्यानं बैलांच्या मानेवरून जू उतरवलं. जू जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला, आणि तो म्हणाला, "उखाले सांग. तुन्हा तोंडे सांग."

रस्ता ओलांडायला दहा पावलंही नव्हती. मी जाईपर्यंत उखाकाकाची नजर आबाच्या सुटलेल्या बैलांवर गेलीच होती, त्यानंही तिफण थांबवली. कडेची दोन-चार तासं, म्हणजे ओळी, सोडली तर वावर पेरून झालं होतं. मी सगळं पुन्हा सांगितलं, सांजोरीसकट. सुपडूकाकूनं मुठीतली सरकी हळूच ओटीत परत टाकली. उखाकाका जिथं होता तिथंच धुळीत खाली बसला.

"मंग मी तुले इचारं," तो म्हणाला, "तव्हय का नही सांगं?"

मी खाली बसून तासातली सरकी बोटांनी उकरू लागलो.

धुळीतलं बी वेचून काढता येत नाही. आता आभाळाच्या मनात असेल ते. आणि आभाळानं जे केलं ते सगळ्यात वाईट. आठ दिवसांनी दुपारचा एक शिडकावा आला, सुपारी खाऊन होईल एवढाच, पण बी फुगून उगवायला पुरेसा. सरकीची दोन-दोन पानं वर आली. मग पुन्हा ऊन. रेडिओ म्हणत होता तसंच झालं होतं. मी बरोबर होतो, आणि माझ्यासारखा बरोबर असलेला माणूस त्या गावात तोंड लपवून फिरत होता.

एका सकाळी ओसरीवर दोन रिकामे पत्र्याचे डबे आणि एक कावड ठेवलेली दिसली. ठेवणारा आबा वावराकडं निघून गेला होता. मी कावड खांद्यावर घेतली. आबाच्या विहिरीवरून पाणी भरायचं, रस्ता ओलांडायचा आणि उखाकाकाच्या रोपट्यांना बुडाशी वाटी वाटी घालायचं. हो, वाटीच. सकाळी आणि उन्हं कलल्यावर. पहिले आठ दिवस उखाकाका माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तो एका टोकाकडून घालायचा, मी दुसऱ्या. खांद्यांची साल निघाली, माय रात्री हळद-तेल लावायची आणि लावता लावता शिव्या घालायची. रस्त्यानं वावराकडं जाणाऱ्या बाया थांबायच्या. "व माय, दखा व! जेठ महिना डबा घीसन चालना!" एकीनं विचारलं, "आम्हना वावरमा कव्हय पडशी रे भाऊ?" त्यांच्यात उखाकाकाही एकदा हसला. मला ते फार बरं वाटलं.

अडीच एकराला वाटीनं पाणी पुरत नाही. मोजक्या ओळी राहिल्या, बाकी वावर कागदासारखं करपलं. खरा पाऊस आला तो आखाड लागल्यावर, रीतसर, वीतभर ओल करून. त्याच दिवशी आबानं आपल्या अजून न चोळलेल्या सरकीचं अर्धं पोतं माझ्या डोक्यावर दिलं आणि रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. उखाकाकानं ते उतरवून घेतलं, तोंड सोडून सरकी तळहातावर घेतली, दोन दाणे दाताखाली फोडून पाहिले. "आबाले काय ऱ्हायनं मंग?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, अर्ध्यात ज्वारी पेरणार आहेत. त्यानं हातातली सरकी पोत्यात परत सोडली. मग सुपडूकाकूला म्हणाला, "तू बस आज. चाडावर हाऊ चाली."

चाड्यावर मूठ सोडणं मी लहानपणापासून पाहत आलो होतो, म्हणजे मला ते येत नव्हतं. बैल निघाले. एकही दाणा कमी पडू नये, ह्या भीतीनं मी मूठ सैल सोडत गेलो. बांधावरून सुपडूकाकू ओरडली, "हात आवर रे बापा! पितरसले घास नही टाकी ऱ्हायना तू, सरकी शे ती!" मग मी घाबरून इतका आवरला की शेवटच्या तासांना वितावितावर एकेक दाणा पडला. उखाकाकाला मागं वळून ते दिसत होतं. त्यानं बैल थांबवले नाहीत.

कपाशी आली ती तशीच आली. रस्त्याकडच्या बाजूला अंगावर अंग घालून उभं असलेलं रान, आणि पलीकडच्या बाजूला एकेकटी, दूर दूर. दाट आलेली रोपं उपटून विरळ करतात, ते कुणाही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. उखाकाकानं बाकीचं वावर नीट विरळलं, रस्त्याकडची पाच-सहा तासं तेवढी तशीच ठेवली. सुपडूकाकूनं त्याला टोकलं, तर म्हणाला, "ऱ्हावू दे. भास्करले दखाले ऱ्हावू दे." जाणारे-येणारे विचारायचे, कोन्ही पेरनी रे ही? तो माझं नाव सांगायचा, बापाच्या नावासकट.

जूनमध्ये दोन विषयांचंही सगळ्यांना कळलं. ऑक्टोबरला ते पुन्हा द्यायचे होते, म्हणून मी रोज सकाळच्या एसटीनं नंदुरबारला जाऊ लागलो. गाडी गाव सोडून वावरांशी आली की डाव्या खिडकीतून उखाकाकाचं ते गर्दीचं रान दिसायचं. मी मान उजवीकडं फिरवायचो. उजवीकडं आबाचं वावर होतं, अर्ध्यात कपाशी, अर्ध्यात ज्वारी.